बेलचा खर्च

तीर्थस्वरूप ताईस, धाकट्याचा नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? भाऊजी जिना उतरताना कठडा धरतात ना? मी ठीक आहे. जेवतो, झोपतो. काळजी नको.

ही गेल्यापासून घरखर्च माझ्याकडे आला आणि त्यात मी चांगलाच तयार झालो आहे. पद्धत तिचीच. दुकानात मी काहीही हातात घेतलं की ही मागून नुसतं "कशाला?" म्हणायची आणि वस्तू परत फळीवर जायची. आता ते मीच मला विचारतो. (मोठ्याने. त्यामुळे दुकानदार हल्ली मला आधी मोकळं करतो.) नवी छत्री? कशाला, पाऊस असला की मी बाहेर पडतच नाही. न्हाव्याने "काका, मागूनही बारीक करू ना?" विचारलं, तर सवयीने त्यालाही "कशाला?" म्हणालो आणि उठून घरी आलो. समोरून बरा दिसतो.

मग दाराची बेल बंद पडली. वायरमन म्हणाला, सगळंच बदलावं लागेल. मी विचारलं, कशाला? "म्हणजे काय काका? कुणी आलं तर?" मी म्हटलं, कोण येतंय? यावर त्याने पक्कड पिशवीत टाकली. शिडी उचलून गेला बिचारा. वादात जिंकण्याची माझी ही पहिलीच वेळ. (ही असताना तशी पाळीच आली नव्हती.)

आता तुझ्या रागाविषयी. रविवारी तू दुखऱ्या गुडघ्याने दोन जिने चढलीस, बेल दाबत राहिलीस आणि "याला आता बहीणही नकोशी झाली" असं शेजारणीला सांगून परत गेलीस. तिने ते मला तुझा आवाज काढून ऐकवलं. ताई, मी आतच होतो. भाजी चिरत होतो आणि आजही कुणी आलं नाही, असं मनात म्हणत होतो. दार बडवायचं होतंस गं. लहानपणी मी न्हाणीघरात वेळ लावला की बडवायचीस, तसं.

तरीही बेलवर खर्च न करण्याचा निर्णय योग्यच होता आणि मी त्यावर ठाम आहे.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा भाऊ

ता. क. काल वायरमनला बोलावून नवी बेल बसवली. बाहेर जाऊन स्वतः दोनदा वाजवून पाहिली. दार कुणी उघडलं नाही, पण आवाज खणखणीत आहे.

आणखी एक. येत्या रविवारी येशील? मी गाडी करून न्यायला येतो. कशाला, असं मात्र विचारू नकोस.