घरचा काढा

बॉथेल, अमेरिका, १२ ऑक्टोबर २०२४

ती. आईंना नमस्कार,

बरेच दिवस पत्र नाही, क्षमा करा. काय लिहावं आणि काय गाळावं, यातच राहून गेलं.

निमिष बरा आहे. किडनीचे रिपोर्ट सुधारले नसले तरी बिघडलेलेही नाहीत. ऑफिसला जातो, भाजीत मीठ कमी म्हणून कुरकुरतो. तुमचे गुडघे कसे आहेत?

शेजारच्या लिनमावशी चिनी आहेत. त्यांच्याकडच्या झाडपाल्याची पुडी त्यांनी मायेनं आणून दिली. त्यांच्या भावाच्या किडनीला गुण आला म्हणे. निमिष लगेच उकळायला निघाला. मी म्हटलं, "डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंबही नाही."

डॉक्टरांना विचारलं, तर त्या हसल्या नाहीत. "काही वनस्पतींवर अभ्यास चालू आहे, पण काहींनी किडनी आणखी बिघडते. पुडी दाखवा. घरी आणखी काही घेता?"

मी ठामपणे "नाही" म्हटलं.

गाडीत निमिष म्हणाला, "आणि रोज सकाळी आईच्या पुडीचा काढा पितो, तो?"

आई, तुमचा काढा मला कधी औषध वाटलाच नाही. तो घरचा. लिनमावशींनाही त्यांची पुडी अशीच घरची वाटत असेल. तुमच्या मायेवर शंका नाही, पण त्यात काय काय घालता, ते कळवाल? तोवर काढा थांबवलाय. निमिष रुसलाय, मलाही चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय. रागावू नका.

तुमची,
आसावरी

ता. क. सोमवारी आठवणीनं दोन्ही पुड्या डॉक्टरांकडे न्यायच्या आहेत.