चौथा पाय

अगं, चपला काढायच्या आधी पोराला फोन कर. मी त्याच्या छोटीसाठी केलेल्या खुर्चीवर तिला बसवू नका म्हणावं. मला त्याचा नंबर पाठ नाही आणि माझा फोन पडून फुटलाय.

मीही पडलोय, पण घाबरू नकोस. परसात पन्हळीतला पाला काढायला तुझ्या नव्या स्टुलावर चढलो आणि त्याचा एक पाय निखळला. मनगट टम्म सुजलंय. शेजारचे शिंपी मला एक्स-रे काढायला घेऊन चाललेत, रिक्षा दारात खोळंबलीय. डाव्या हाताने लिहितोय, अक्षर लावून घे.

निखळलेला पाय उचलून पाहिला. बाकी तिन्ही पायांना चिकटवायचा सरस लावलेला, हा कोरडा ठणठणीत. चाळीस वर्षं सुतारकाम केलं, असं कधी झालं नाही. स्टूल जोडत होतो त्या दिवशी तू नुसतं "चष्मा लावा" म्हणालीस, तर केवढ्याने खेकसलो तुझ्यावर. आणि तू आठ दिवस रोज त्याच स्टुलावर उभी राहून कपडे वाळत घालत होतीस.

छोटीची खुर्चीही त्याच दुपारी जोडली होती.

पोरगा कारण विचारेल. लाकूड ओलं होतं म्हणून सांग.

नको. तो म्हणेल, "मग वाळेल की," आणि बसवेल तिला. बाबांना आता दिसत नाही, असंच सांग.