आधी कच्चं, मग पक्कं

सोमवार, ३ फेब्रुवारी

रविवारी निवासी शाळेची प्रवेश परीक्षा. माझ्या चौथीतली सहा मुलं बसणार. तिथे जागा मिळाली की बारावीपर्यंत घरच्यांना बघायला नको.

आज सराव पेपर. मुंगीची पंच्याहत्तरपैकी एकाहत्तर उत्तरं बरोबर! सावकाश, पण एकही ओळ न सोडता पुढे जाते, म्हणून वर्गानंच तिला हे नाव ठेवलंय. तिलाही ते आवडतं.

सगळ्यांना पुन्हा बजावलं – आधी उत्तरांवर प्रश्नपुस्तिकेत खुणा करा, शेवटी शांतपणे उत्तरपत्रिकेतले गोल काळे करा. कॉन्व्हेंटच्या शाळेत आम्हाला सिस्टरनी हेच वळण लावलं. आधी कच्चं, मग पक्कं. खाडाखोड दिसली की न रागावता वही परत द्यायच्या. त्या न रागावण्याचीच भीती वाटायची. अजून त्यांच्या झग्याचा स्टार्चचा वास आठवतो.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

गोलांचे छापील कागद कपाटात तसेच ठेवलेत. सरावात वाया कशाला घालवायचे? मी पुस्तिकेवरूनच तपासते. हे म्हणाले, "परीक्षा त्यांची आहे ना? मग तू का जेवत नाहीस?"

रविवार, ९ फेब्रुवारी

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

घंटा झाली तेव्हा मी फाटकाशीच होते. पाच मुलं उड्या मारत आली. मुंगी शेवटी. बोटं काळी, चेहरा पांढराफटक.

"बाई, उत्तरं सगळी काढली. गोल राहिले."

"किती?"

"चाळीस. त्यांनी कागद ओढून घेतला."

बाकीच्यांना विचारलं. एकजण पायाकडे बघत म्हणाला, "आम्ही लगेच लगेच भरत गेलो, बाई. तुम्ही सांगितलं होतं, पण वेळ गेला असता."

म्हणजे ज्यांनी माझं ऐकलं नाही ते तरले. जिनं ऐकलं ती बुडाली.

आणि मी काय केलं? तिला बाजूला घेतलं, बोटं रुमालानं पुसली आणि म्हणाले, "घरी इतक्यात काही बोलू नकोस हं, बाळ. निकाल तर लागू दे." तिनं मान हलवली. ती नेहमीच हलवते.

सोमवार, १० फेब्रुवारी

शाळेतून आल्यावर कपाटातला एक कागद काढला, घड्याळ समोर ठेवलं आणि पंच्याहत्तर गोल भरले. एकोणीस मिनिटं. मला, साठीला आलेल्या बाईला. मुलांना मी शेवटची दहा मिनिटं ठेवायला सांगितली होती.

हे एकदाही करून बघितलं नव्हतं. एकदाही.

शुक्रवार, २५ एप्रिल

निकाल लागला. सहातले चार निवडले गेले. मुख्याध्यापिकाबाईंनी सगळ्या शिक्षकांसमोर माझं कौतुक केलं. टाळ्या झाल्या. मी त्या घेतल्या.

संध्याकाळी मुंगीची आई आली. घरी कपडे शिवते. ओढणीला दोरे चिकटलेले होते. म्हणाली, "बाई, तुम्ही एवढे कष्ट घेतलेत तिच्यावर. तिला झेपलं नाही."

मी तिच्या ओढणीवरचा एक दोरा काढला.

"पुढच्या वर्षी अजून एकदा बसता येतं म्हणे. पण मी म्हणते, नकोच. डोक्यात नाही तर पोरीला कशाला पिळायचं? शिवणाला बसेल माझ्याबरोबर. तुम्हाला काय वाटतं?"

सांगायला हवं होतं. शब्द अगदी ओठांवर होते. मी म्हणाले, "बघू या. लहान आहे अजून." मग पाणी हवं का विचारलं. नको म्हणाली. तरी बराच वेळ दारातच उभी होती.

रविवार, २७ एप्रिल

यांना सगळं सांगितलं. वाटलं, समजूत घालतील. "मला सांगून काय उपयोग? मी काही तिची आई नाही," एवढंच म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

लहानपणी चूक केली की आपणहून सिस्टरसमोर जाऊन उभी राहायचे. आठ वर्षांची असताना माझ्यात जास्त हिंमत होती.

मंगळवार, २९ एप्रिल

गेले. सगळं सांगितलं – पद्धत माझी, चूक माझी, गप्प बस म्हणाले तेही मीच.

मुंगीच्या आईनं मशीन थांबवलं. "परीक्षेच्या दिवशीच कळलं मला, बाई. रात्रभर रडत होती. शुक्रवारी आले होते ते तुमच्या तोंडून ऐकायला. पुढच्या वर्षीचा फॉर्म भरणारच आहे मी. शिकवणी दुसरीकडे लावलीय."

मी उठले. दारापाशी पोचले तेव्हा म्हणाली, "पोरीला मात्र यातलं काही बोलू नका. मला कळलंय हे तुम्हाला सांगायचं नाही, तुम्हाला वाईट वाटेल, अशी तिनं मला शपथ घातली होती."