त्याची देवी, तुमची देवी

११ जाने., रवि.
सोहमच्या कोथरूडच्या स्टँडअप शोचा व्हिडिओ आला. खालची सबटायटल नेहमीसारखी माझ्याकडे. सोहम आयटीत आहे, इंग्रजीत मेल लिहितो, पण 'आणि'ला दुसरी वेलांटी देतो. मी बारावी नापास, पण दिवसभर छपाईच्या दुकानात अक्षरंच जुळवतो. एका फ्लॅटमध्ये राहतो, नाही कसं म्हणणार.

चौथ्या ओळीला कळलं की ही आई आहे. माझी.

"माझा रूममेट विदर्भातला. नवरात्रात त्याची आई आली. सोसायटीत आरती सुरू झाली आणि..." इथे तो केस विस्कटून आईसारखा घुमतो. प्रचंड हशा. "...आणि त्याची देवी लॉगिन झाली! देवी म्हणते, पाणी! पाणी! अगं बाई, देवी ना तू? पाऊस पाड की!"

हॉल नुसता लोळतोय.

मी 'पाणी' लिहिलं. सो. मागे उभा राहून वाचत होता. "पाणी नको रे, 'पानी' लिही. काकू तसंच म्हणतात ना. पंच तिथेच आहे."

लिहिलं. पहिल्यांदाच मुद्दाम चुकीचं लिहिलं, आणि तेही आईचं बोलणं.

१२ जाने., सोम.
नवरात्रातलं पान काढून वाचलं. त्या दिवशी आईच्या अंगात आलं तेव्हा तिचं डोकं टेबलाच्या कोपऱ्यावर आपटणार होतं. सो. ने मध्ये हात घातला. तांब्या आणला. "काकू, सावकाश प्या." मी लिहिलं होतं : सो. देवासारखा धावून आला.

ते वाक्य आज खोडलं. पट्टी ठेवून, दोन रेघा. पाणी पाजताना तो पाठ करत होता.

विचारलं त्याला. "आईवर कशाला?"

"आईवर कुठे, अंधश्रद्धेवर आहे. आणि प्रेमाने आहे, भाई. समोरच्या आजोबांच्या सोवळ्यावरच्या जोकला तूच सगळ्यात जास्त हसला होतास."

हसलो होतो. आजोबा रोज जिन्यात भेटतात. पण ते वेगळं होतं. वेगळं म्हणजे

१४ जाने., बुध.
संक्रांत. सो. ने तिळगूळ दिला. घेतला, खिशात ठेवला, दुकानाबाहेरच्या कुत्र्याला घातला.

दिवसभर एकच विचार. आमची मातामाय, आईच्या अंगात येते ती, म्हणजे गावाबाहेर लिंबाखाली शेंदूर लावलेला दगड. तिच्यावरून पुण्यात कोणाचं डोकं फिरणार? हे सो. ला पक्कं माहीत आहे. मोठ्या देवळातल्या देवाला तो कधी हात लावत नाही. हुशार आहे. 'त्याची देवी' म्हटलं की झालं. त्याची म्हणजे कोणाचीच नाही.

पण 'तुमची' असती तर?

घुमण्यानंतरचा हशा इतका मोठा आहे की 'त्याची' हा शब्द कानाला कळतच नाही. पाच वेळा ऐकलं. लोक खाली लिहिलेलंच खरं धरतील.

१५ जाने., गुरु.
केलं.

"...आणि तुमची देवी लॉगिन झाली!"

शुद्धलेखन बिनचूक. सो. ने न बघताच टाकला. म्हणाला, "तू केलंस म्हणजे बघायला नको."

१७ जाने., शनि.
पसरला. सो. चा मोबाइल सकाळपासून नुसता थरथरतोय. अनोळखी माणसं आईबहिणीवरून बोलताहेत. त्याच्या आईवरून. ऐकून घे म्हणावं.

दुपारी त्याने व्हिडिओ काढला, पण तोवर हजार ठिकाणी गेला होता. ऑफिसातून मॅडमचा फोन : सोमवारी येऊ नकोस, कळवू. माझ्याकडे बघून म्हणाला, "मी 'तुमची' कुठे म्हणालो? सबटायटल तूच..." आणि थांबला.

"ऐकू आलं ते लिहिलं," म्हणालो.

मग मी चहा केला. चांगला झाला होता.

१९ जाने., सोम.
हे मात्र डोक्यात नव्हतं. दुकानात एक जण फ्लेक्सची ऑर्डर घेऊन आला. कुठल्या तरी मंडळाचा, बरोबरचे त्याला दादा म्हणत होते. कागदावर मजकूर : 'जाहीर निशेध'. मी पोटफोड्या ष केला. दादा म्हणाले, "शाब्बास. तुमच्यासारखी मुलं पाहिजेत."

"फोटो कोणत्या देवीचा टाकू?"

"म्हणजे काय? देवीचा."

"व्हिडिओतली देवी मातामाय आहे. लिंबाखालचा दगड असतो, शेंदराचा. तिला कोंबडं लागतं."

"छे छे, कोंबडंबिंबडं काय! आपली देवी टाका. सिंहावरची. ठसठशीत."

मालक हिशेबातून मान वर न करता म्हणाले, "अहो, अपमान एकीचा आणि फोटो दुसरीचा? मग बिल नक्की कोणाच्या नावाने करू?"

दादा हसले नाहीत. मालकही नाहीत, ते कधीच हसत नाहीत.

'आमच्या देवीचा अपमान सहन केला जाणार नाही.' आमच्या! ही माणसं आईला त्यांच्या देवळाच्या ओट्यावर बसून घुमू देणार नाहीत, आधी हाताला धरून बाहेर काढतील. यांनाही एकदा बघायचं आहे. पण यांचा नंबर नंतर. फ्लेक्स छापला. रंग छान उठले.

२१ जाने., बुध.
संध्याकाळी पार्किंगमध्ये सो. ला चौघांनी गाठलं. ओठ फाटला, गाडीचा आरसा गेला. मी गॅलरीतून बघत होतो. खाली जायला हवं होतं की नाही, ठरवेपर्यंत ते निघून गेले.

वर आल्यावर बर्फ दिला.

"मूळ फाइल आहे ना तुझ्याकडे? दाखव ना त्यांना. मी 'त्याची' म्हणालोय."

"आवाज स्पष्ट नाही."

मला वाटलं आता रडेल, आणि रडला असता तर कदाचित मी. पण तो म्हणाला, "मग काकूंचा व्हिडिओ घेऊ. 'मला राग नाही, मुलगा चांगला आहे,' एवढंच बोलतील. अर्ध्या मिनिटाचं काम."

अर्ध्या मिनिटाचं. आई म्हणजे याच्या बॅगेतलं सामान. हसवायला तीच, वाचवायलाही तीच.

म्हटलं, "घेऊ. पण आधी तिच्यासमोर करून दाखवायचं. पूर्ण. 'पानी'सकट."

त्याचं तोंड पांढरं पडलं. ते मला बघायचंच होतं. "ठीक आहे," म्हणाला.

२४ जाने., शनि.
आई आली. स्टेशनवरून हडपसरपर्यंत बसमध्ये उभी. फोनवर सांगितलं होतं, सो. ने तुझ्यावर कार्यक्रम केला. खूश होती. "टीव्हीवर का रे?" लाडवाचे दोन डबे आणलेत. एक माझा. "आन् हा त्या पोराचा. त्यानं मले सांभाळलं होतं." (आई बोलते तसंच लिहितोय. सुधारत नाही.)

डबा सो. ला दिला. त्याने उघडला नाही. उद्या उघडेल की नाही ते बघू.

२५ जाने., रवि.
सकाळी नऊला बसवलं. आई खाटेवर, पदर नीट घेऊन. सो. समोर. मी मोबाइल धरून.

"काहून रे, ओठाले काय झालं?"

"पडलो, काकू."

"गाडी हळू चालवत जा. कर आता, पाहू दे."

त्याने सुरू केलं. शाळेत कविता म्हणतात तसा आवाज. "माझा रूममेट विदर्भातला..." नवरात्र, सोसायटी, आरती. मग घुमायचं आलं. मान एकदा फिरवली आणि थांबला. घाम. बरोबर हेच हवं होतं मला. चेहरा जवळ घेतला.

आई म्हणाली, "असं नाही होत थे, बाबू. मानेतून नाही निंगत. अथून निंगते." आणि पोटावर हात ठेवला. "घाबरू नको. पुन्ना कर."

ती हसली नाही, रागावलीही नाही. गाठ कशी मारायची ते दाखवावं तसं दाखवत होती. सो. ने पुन्हा केलं. मग डोळे मिटून, अगदी हळू : "आणि... देवी लॉगिन झाली."

"कोनाची देवी?" आईने विचारलं.

शब्द गाळला होता त्याने. तो माझ्याकडे बघू लागला. नुसता बघत होता, विचारत नव्हता. त्याला कळलंय. केव्हापासून, माहीत नाही.

आईही वळली. "तू लिवतो न खालचं? सांग. कोनाची म्हनला थो?"

मी रेकॉर्डिंग थांबवलं. म्हटलं, चार्जिंग संपलं, चहा झाल्यावर पुन्हा घेऊ.

दोघं स्वयंपाकघरात आहेत. मी इथे लिहितोय. डबा उघडल्याचा आवाज आला. आई त्याला काहीतरी सांगतेय, 'पानी' ऐकू आलं, आणि तो हसला. पहिल्यासारखा नाही, ओठ दुखत असेल. पण हसला. तीही हसली. मला हे नको होतं. मला त्याने तिच्या पायाशी

आई हाक मारतेय. "भरला का रे मोबाइल?"

भरलेलाच आहे.