अप्पांच्या चार बाटल्या

३ फेब्रुवारी

अप्पांची आज पुन्हा कुरकुर. "या पाण्याला चवच नाही गं. कोरं लागतं." म्हटलं, कोरं म्हणजेच शुद्ध! दिवसभर लोकांच्या घरी पाण्याची मशीनं बसवते, फिल्टर बदलते, हेच सांगत फिरते— आणि माझे वडीलच ऐकत नाहीत. दोन वर्षांपूर्वी मुतखड्याने गडाबडा लोळले होते, तेव्हा डॉक्टरांनीच सांगितलं होतं, पाणी भरपूर प्या. म्हणून टेबलावर लिटरच्या चार बाटल्या भरून ठेवते. झोपायच्या आत संपल्याच पाहिजेत.

"आता पोटात मासे तेवढे सोड," म्हणाले. पण प्यायले.

९ फेब्रुवारी

अप्पांचं बीपी वाढलंय. डॉक्टरांनी नवी गोळी दिली, लघवी वाढवणारी. मीठ कमी करा म्हणाले. मी बंदच केलं. अर्धवट काही करायची सवयच नाही मला.

१७ फेब्रुवारी

चाराच्या पाच बाटल्या केल्या. गोळीमुळे सारखे उठतात. जेवढं बाहेर जातं तेवढं आत नको जायला?

२६ फेब्रुवारी

अप्पांनी माझ्यासाठी कामावर घालायला शर्ट शिवला. मी हौसेने अंगात घालायला गेले तर दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या! मी हसले. ते हसले नाहीत. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस— शर्ट उलटसुलट करत बसून राहिला. मग म्हणाले, "कुणी शिवला हा?"

२ मार्च

भिंत धरून चालतात. डोकं दुखतं, मळमळतं, दोन घासांवर ताट सारतात. परगावी असलेल्या दादाला फोन केला. तो तिकडून म्हणाला, "वय झालं त्यांचं. आता हे असंच चालायचं." त्याचं काय जातंय म्हणायला!

अंगातलं पाणी कमी होत असणार. एक ग्लास वाढवला.

५ मार्च

हे लिहायचं नव्हतं. पण लिहिते.

अप्पा बाटली मोरीत ओतताना सापडले. मी ओरडले, "लहान पोर आहात का? मी काय वैरीण आहे तुमची?" दुसरी बाटली भरली आणि समोर उभी राहिले, संपेपर्यंत. दोन्ही हातांनी धरून प्यायले बिचारे. मधे एकदा थांबले, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा प्यायले.

८ मार्च

सकाळी अप्पांना फिट आली. दात घट्ट मिटलेले, डोळे वर. शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. रक्तातलं सोडियम ११२. असायला हवं १३५च्या वर.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसाला पाणी किती पितात?" मी सांगितलं, पाच लिटर. अभिमानाने सांगितलं! त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मशीनचं पाणी वाईट असतं का?" मी विचारलं. कामाचाच प्रश्न होता, दुसरं काय विचारणार?

"पाणी वाईट नाही हो. त्यात क्षार कमी, पण साध्या पाण्यातूनही मीठ असं फारसं मिळत नाहीच. इतकं पाणी, बिनमिठाचं जेवण आणि वर ती गोळी— तिन्ही मिळून रक्तातलं मीठ पार उतरलं. त्याची सूज मेंदूवर."

९ मार्च

सलाईन थेंब थेंब. सोडियम एकदम चढवलं तर मेंदूला धोका, म्हणतात. बाकावर बसून थेंब मोजते.

१३ मार्च

बोलले! डोळे उघडून म्हणाले, "एक बाही उसवून आण. सरळ करून देतो." मी व्हरांड्यात जाऊन पोटभर रडले.

दादाला कळवलं, वयाबियाचं काही नव्हतं, माझ्यामुळे झालं. सांगून हलकं वाटलं. आपल्या हाताने बिघडलंय, म्हणजे आपल्याच हाताने दुरुस्त होईल.

२१ मार्च

अप्पा घरी. गोळी बदलली. पाणी दीड लिटर, त्यावर थेंब नाही. भाजीत मोजकं मीठ. पहिला घास घेतला आणि डोळे मिटून म्हणाले, "आलं बाई जेवणात जेवण!"

२८ मार्च

एका घरी फिल्टर बदलायला गेले. सासऱ्यांसाठी भरलेल्या बाटल्या सूनबाईंनी कौतुकाने दाखवल्या. ‘कोरं म्हणजेच शुद्ध’ हे नेहमीचं वाक्य तोंडातून निघेना. म्हटलं, किती द्यायचं ते एकदा डॉक्टरांना विचारा. दुपारी कंपनीतून साहेबांचा फोन— "ताई, तुम्ही मशीन सांभाळायला जाता की गिऱ्हाईक घाबरवायला?"

म्हटलं, पुढचा पत्ता पाठवा.

११ एप्रिल

दाढी करायला गेलेले अप्पा परतच येईनात. न्हावीच हात धरून घेऊन आला. कोपऱ्यावर उभे होते म्हणे, कुठल्या बाजूला वळायचं ते सुचेना. पुन्हा उतरलं सोडियम! तशीच रक्त तपासायला घेऊन पळाले.

१३८. एकदम व्यवस्थित.

मग?

२३ एप्रिल

डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा फोटो दाखवला. हा आजार निराळा, स्मृतिभ्रंशाचा. आत दोन-तीन वर्षांपासून असणार. पाण्याने फक्त लवकर दिसला. याला औषध नाही. "तुमच्यामुळे नाही झालं हे. स्वतःला दोष देऊ नका," म्हणाल्या. चांगल्या मनाने म्हणाल्या. देवा, माझीच चूक असती तर किती बरं झालं असतं!

येताना बसमध्ये अप्पांनी अगदी अदबीने विचारलं, "बाई, तुम्हाला कुठे उतरायचंय?"

म्हटलं, "तुम्ही उतराल तिथेच."