नातीच्या कॅमेऱ्याबाबत माझी शेवटची व्यवस्था

मी, खंडेराव शिवराम आहेर, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा पूर्वी फोटोग्राफी, हल्ली काही नाही, राहणार पंचवटी, नाशिक, मूळ राहणार तालुका देवळा, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला मागे टाचला आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, उजव्याने दिसते. डोळा अधू म्हणजे डोकेही अधू, असे माझा मुलगा सोमनाथ कोर्टात म्हणेल, म्हणून आधीच लिहून ठेवतो. प्रत्येक पानाखाली सही केली आहे. जिथे जागा मोकळी राहिली तिथे आडवी रेघ मारली आहे, मागाहून कोणी काही घुसडू नये म्हणून. शिक्षण सातवीपर्यंत. चुका असतील त्या माझ्या आहेत.

याआधी केलेली दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिले रागात लिहिले होते, दुसरे तापात.

१. पंचवटीतील राहते घर, दोन खोल्या आणि पोटमाळा, मुलगा सोमनाथ यास देतो. दुसऱ्या कोणाला द्यावे हे मला सुचले नाही, म्हणून देतो. प्रेमाने दिले असा अर्थ काढू नये. मोरीचा पाइप गळतो. माझ्यासाठी त्याने तो सहा वर्षांत दुरुस्त केला नाही, स्वतःसाठी आठवड्यात करील.

२. तांब्यापितळेची भांडी सून सुधा हिला. तिने दोन वर्षे माझ्या चहात साखर घातली नाही. साखरेचा आजार तिला आहे, मला नाही. रागाचे हे कलम मी तीनदा खोडले आणि तीनदा पुन्हा लिहिले.

३. देवळ्याच्या शेतातील विहिरीचा माझा हिस्सा धाकटा भाऊ वाल्मीक यास देतो. वाटणीच्या वेळी तो पंचांसमोर म्हणाला होता, "फोटो काढणाऱ्याला पाणी कशाला लागतं?" विहीर आता कोरडी आहे. हिस्सा पूर्ण देतो.

४. स्टुडिओ बंद झाला तेव्हा उरलेले सामान: बंगला आणि कारंजे रंगवलेला पडदा, दोन स्टुले, आणि गिऱ्हाइकांना फोटोपुरता घालायला ठेवलेला काळा कोट. हे सर्व आमच्या गल्लीतील फ्रेमवाला फकिरा यास. "खंडेराव गोऱ्या माणसाला काळं काढतो," असे तो वीस वर्षे गिऱ्हाइकांना सांगत होता. कोटाच्या आत शेकडो नवरदेवांचा घाम आहे. तो न धुता द्यावा.

५. आता मुख्य विषय. वकील म्हणाले होते कलमे आटोपशीर लिहा, पण हे आटोपशीर होणार नाही.

माझी नात कुमारी आरोही सोमनाथ आहेर, वय एकोणीस, इथल्या एका कॉलेजात फोटोग्राफी शिकते. पहिल्या वर्षी कॅमेरा घ्यायचा ठरला तेव्हा महिनाभर ती वहीत काहीबाही लिहीत होती. शेवटी तिने ठरवले ते असे: बॉडी वापरलेली चालेल, पण लेन्स चांगली पाहिजे, पन्नास एमएमची, आणि सध्या एकच. वही तिने आधी मला दाखवली. मीही हेच सांगितले असते.

दुकानात आम्ही तिघे गेलो. सोमनाथ लासलगावला कांद्याच्या व्यापाऱ्याकडे कामाला आहे. ढिगाकडे बघून भाव सांगतो, आणि तसे सगळ्याच वस्तूंचे करतो. पन्नासची लेन्स तळहातावर घेऊन तो म्हणाला, "ही तर गोल्टी आहे." बारक्या कांद्याला तिकडे गोल्टी म्हणतात.

"पप्पा, साइझवर नसतं ते."

"मग कशावर असतं? आणि जुनी बॉडी? आहेरांची पोरगी लोकांनी टाकलेला कॅमेरा गळ्यात घालून फिरणार?"

सेल्समनने ओळखले की पैसे कोणाच्या खिशात आहेत. "काका, हे पॅकेज बघा. दोन मोठ्या लेन्स, बॅग, स्टँड, कार्ड. सगळं यातच येतं."

आरोही माझ्याकडे वळली. "आण्णा, तुम्ही सांगा ना. तुम्हाला तर माहितीये."

मला माहीत होते. त्या दोन्ही लेन्सना उजेड कमी पडला की काही दिसत नाही. पण घर माझे असले तरी ताट सोमनाथचे आहे. मी म्हणालो, "बॅग मजबूत दिसते."

पॅकेज घेतले. तरी तिने त्यावर वर्षभर मेहनत केली आणि वर्गात दुसरी आली, हे इथे नोंदवतो.

६. गेल्या दसऱ्याची हकिकत. ही मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही.

आमच्या स्टुडिओत दसऱ्याला कॅमेऱ्याची पूजा व्हायची. लेन्स वेगळी, बॉडी वेगळी, असे सुटे करून पाटावर मांडायचे आणि प्रत्येक नगाला ओले कुंकू, अक्षता, झेंडूचे फूल. जुन्या कॅमेऱ्याचे अंग पत्र्याचे आणि चामड्याचे. कुंकू लागले तर पुसता यायचे. त्या दिवशी आरोही आंघोळीला गेली होती. मी तिचा कॅमेरा घेतला, कळ दाबून लेन्स फिरवून काढली, बॉडी पाटावर ठेवली. आत एक चौकोनी काच चमकत होती. मूर्तीचे कपाळ असावे तशी ती मला वाटली. अनामिकेने कुंकू बरोबर तिथे लावले. वरून अक्षता टाकल्या. मग लाल जरा जास्त झाले म्हणून उपरण्याच्या टोकाने पुसले. तांदळाचा कण काचेवर घासल्याचा आवाज मी ऐकला. आवाज ऐकूनही आणखी एकदा पुसले.

तो सेन्सर होता. आमच्या वेळी तिथे रोल असायचा. मी लेन्स परत लावली आणि कॅमेरा होता तिथे ठेवला.

त्यानंतर तिच्या प्रत्येक फोटोत लाल डाग आणि तीन रेघा येऊ लागल्या. दुरुस्तीवाला म्हणाला, कुंकू आहे, आत गेलंय, काच खरवडली आहे, नवीन घेणे परवडेल. सोमनाथने घरी येऊन कॅमेरा पलंगावर आपटला. "कोणी उघडला हा?"

मी म्हणालो, "तिनेच उघडा ठेवला होता पाटावर. मी बघितलं."

नंतर ती माझ्याजवळ येऊन बसली आणि तिने हळू आवाजात विचारले, "आण्णा, खरंच मी उघडा ठेवला होता? मला आठवतच नाहीये."

मी म्हणालो, "घाई असते तुम्हा पोरांना."

तिने ते खरे मानले. तेव्हापासून मैत्रिणीचा कॅमेरा हातात आला की लेन्स नीट बसली आहे का ते दोन-दोनदा चाचपते. मी बघत असतो.

सोमनाथने ठरवले की निष्काळजी मुलीला दुसरा कॅमेरा नाही, कॅमेरा नाही तर पुढचे वर्ष नाही, तिला बी.कॉम.ला घालायचे. पुढच्या वर्षाचा फॉर्म भरण्याची शेवटची तारीख तीस मे आहे.

७. माझ्या नावावरील बँकेची मुदत ठेव आरोहीस देतो. ती फक्त कॅमेरा आणि लेन्ससाठी वापरावी. दुकानात तिने एकटीने जावे. सोमनाथने दुकानाच्या पायरीवरही उभे राहू नये. बॉडी वापरलेली घ्यावी, पण हातात धरून, डोळ्याला लावून, शटर दहा वेळा दाबून. लेन्स उजेडाकडे धरून आत कापसाच्या धाग्यासारखी बुरशी आहे का ते बघावे, असेल तर फुकट मिळाली तरी घेऊ नये. बॅग घेऊ नये. पहिल्या वर्षी दुसरी लेन्स घेऊ नये. माणसाचा फोटो जवळून काढायचा तर त्याच्याशी दोन शब्द बोलावे लागतात. लांबच्या लेन्सने ते टळते, आणि टाळलेले फोटोत दिसते.

माझी स्वतःची पन्नासची लेन्स पोटमाळ्यावर डब्यात, तांदळात नव्हे, कोरड्या फडक्यात ठेवली आहे. तीही तिलाच.

८. वरील कलम लिहिताना, सत्तावीस मे रोजी, जुनी लेन्स नव्या बॉडीला जोडायच्या कड्याचे नाव विचारायला मी आरोहीला बोलावले. नाव लिहून देण्यासाठी तिने माझ्यापुढचे हे कागद ओढले आणि कलम सहाचे पान वाचले. मी हात ठेवला होता, तो तिने बाजूला केला.

वाचून झाल्यावर तिने विचारले, "हे पप्पा कधी वाचणार?"

"मी गेल्यावर. तेरावं झालं की."

"फॉर्मची तारीख तीस आहे, आण्णा."

"माहीत आहे."

"मग तीसच्या आत मरणार आहात का?"

असे बोलणारी ती मुलगी नाही. मग रडवेली होऊन म्हणाली, "आज सांगा. जेवताना. एक वाक्य. मला तुमची लेन्स नको, पैसे नकोत, एवढंच करा."

"आज छातीत धडधडतंय."

"मग मी सांगते."

"तुझ्यावर कोण विश्वास ठेवील? तूच उघडा ठेवलास म्हणून मी सांगून बसलोय."

हे मी धमकी म्हणून बोललो नाही. जे होते ते बोललो. तिला दोन्ही एकच वाटले असावे.

"ते पान द्या मला."

"कायद्याचा कागद आहे हा. मी जिवंत असेपर्यंत त्याला किंमत नाही."

"मलाही नाही," ती म्हणाली आणि गेली.

सत्तावीसला कांद्याचा लिलाव बंद पडल्यामुळे सोमनाथ चिडलेला होता. अठ्ठावीसला पाहुणे होते. एकोणतीसला माझे तोंड उघडले आणि मी लोणचे मागितले. तीसला तो खूश होता, त्याचा घास कडू करणे मला बरे वाटले नाही. आरोही चारही दिवस माझ्या समोर बसून जेवली आणि माझ्या ताटाकडे बघत राहिली. एकतीसला सोमनाथ बी.कॉम.चा फॉर्म घेऊन आला. तिने सही केली.

कलम सहा आणि सात तरीही कायम आहेत. तेराव्यानंतर कलम सहा सोमनाथला मोठ्याने वाचून दाखवावे. तोपर्यंत दाखवू नये. मला त्याचा चेहरा बघायचा नाही.

९. भिंतीवर लावायला माझा फोटो घरात नाही. चाळीस वर्षे दुसऱ्यांचे काढले. परवा मी आरोहीला म्हणालो, मोबाइलवर माझा एक काढून ठेव. ती नाही म्हणाली नाही. खुर्ची खिडकीशी सरकवली, टोपी सरळ केली, दोन बोटांनी माझी हनुवटी वर केली. उजेड जिथे पाहिजे तिथे, गालावर घेतला. "हलू नका," म्हणाली. मोबाइल समोर धरून बराच वेळ थांबली. मग खाली केला.

"झाला?"

"झाला. छान आलाय."

तिचा अंगठा हलला नव्हता. एवढे मला उजव्या डोळ्याने दिसते. रोल संपलेला असताना गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून नुसता फ्लॅश मारणे मीही केले आहे. त्या वेळी चेहरा जसा ठेवावा लागतो, तसा तिने ठेवला होता. मी म्हणालो, "बरं."

म्हणून कळवतो की माझ्यामागे कोणी आरोहीकडे तो फोटो मागितला तर तो मिळणार नाही. तिने हरवला, पुसला, निष्काळजीपणा केला, असे सोमनाथने म्हणू नये. तो काढलाच नव्हता आणि ते मला माहीत होते. भिंत रिकामी ठेवावी.

येथपर्यंतचा मजकूर मी दोनदा वाचला आहे, बदलण्यासारखे काही वाटत नाही. लिफाफा शेजारी श्री. दिवाकर शुक्ल यांच्याकडे राहील.

सही: खंडेराव शिवराम आहेर

खंडेराव यांनी आम्हा दोघांच्या देखत सही केली आणि आम्ही त्यांच्या देखत केली. आत काय लिहिले आहे ते आम्हाला त्यांनी वाचू दिले नाही.

साक्षीदार:
१. दिवाकर गोविंद शुक्ल, पंचवटी (सही)
२. नाथा कारभारी निकम, पंचवटी (सही)

ठिकाण: पंचवटी, नाशिक
दिनांक: ६ जून २०२५