बाबांच्या सत्तरीची रायफल

ब्रायर क्रीक, सेंट्रल ओटागो
सोमवार, ९ मार्च

प्रिय फर्गस,

तुझं पत्र आणि त्यासोबतचे तीन रंगीत कागद मिळाले. अठ्ठावीस तारखेला बाबांची सत्तरी, त्यांना सशांसाठी नवी रायफल द्यायची, आणि या तिघींतली कुठली ते मी ठरवायचं, असं तुझं म्हणणं. शेवटी, जाता जाता आठवल्यासारखं, तू हेही लिहिलं आहेस की गुरुवारी परवाना अधिकारी येईल तेव्हा "दोन गोड शब्द बोल, एल्स्पेथ, तुझं काय जातंय?" बाबांचा बंदुकीचा परवाना या महिन्यात संपतो. तो पुन्हा दहा वर्षांसाठी मिळायचा तर घरात सोबत राहणाऱ्या माणसाला, म्हणजे मला, विचारतात. मी नको म्हटलं तर बाबांच्या हातात पुन्हा बंदूक येणार नाही. तेव्हा तुझी रायफल आणि माझे दोन शब्द हे एकच प्रकरण आहे. आधी रायफलीचं लिहिते, कारण ते सोपं आहे.

पहिला कागद बावीस मॅग्नमचा, म्हणजे तिघींत सगळ्यात जोरदार गोळीचा. हे तू कुठल्या जनावरासाठी निवडलंस? सात वर्षं ऑकलंडमध्ये राहिलं की आठवणीतला ससा वाढत जातो बहुतेक. इथला अजून तेवढाच आहे. मॅग्नमने मारल्यावर त्याचं जे उरतं ते रश्श्यात घालायचं नसतं, पुरायचं असतं. आणि आवाज असा की एक ससा पडतो, चाळीस बिळात जातात आणि गाभण मेंढ्या कुंपणाला जाऊन धडकतात. वर काळ्या तंतूंचा दस्ता आणि आत लाल ठिपका पेटणारी दुर्बीण. बाबा सूर्य डोंगराआड गेला की घरी येतात. त्यांना दुर्बिणीत दिवा कशाला? तो दिवा तुला आवडला, एवढंच त्याचं कारण.

तिसरा कागद आपोआप भरणाऱ्या बावीसचा, एका दमात दहा गोळ्या. ज्याला दहा गोळ्या मिळतात तो नऊ गोळ्यांपर्यंत विचारच करत नाही. तुझे ऑफिसमधले चौघे गेल्या ईस्टरला असल्याच बंदुका घेऊन आले होते, आठवतं? नवे कोरे बूट, हरणाच्या शिकारीचे कपडे, आणि तो एक जण ससा दिसला की आधी मोबाइल काढायचा. दोन दिवसांत सहाशे गोळ्या, एकोणतीस ससे. मी मोजले होते. त्यातले सहा मी मारलेले, जे त्यांनी फोटोत हातात धरले आहेत. जाताना त्यांच्यातला जाड्या मला म्हणाला, "काय मजा आहे तुमची, रोज सुट्टी." वरच्या कुरणात त्या वर्षी सशांनी दीडशे मेंढ्यांचं गवत खाल्लं होतं. त्यांनी टाकलेली रिकामी काडतुसं मी गोळा करून त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर ओतली.

मी वापरते ती आपली जुनी, दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची बावीस, सायलेन्सर लावून, मंद गोळीची. टाळीएवढाच आवाज होतो. शेजारचा ससा मान वर करतो, काय झालं म्हणून बघतो, आणि तोही मिळतो. ऐंशी मीटरपर्यंत डोकं चुकत नाही. ऐंशी लिहून गेले, पण मोजलं तेव्हा त्र्याहत्तर होतं, तेव्हा त्र्याहत्तरच समज.

दुसरा कागद सतराचा, बावीसहून बारीक आणि वेगवान गोळीचा. तिच्याबद्दल मला आधीच माहीत आहे, कारण तुझं पत्र यायच्या आठवडाभर आधी मी अलेक्झांड्राच्या दुकानात जाऊन तीच बघून आले होते. का, ते सांगते, पण आधी त्या दुकानातल्या पोराचं ऐक. नीट कोरलेली दाढी, तेल लावलेली. मी काचेपाशी उभी राहिले तर म्हणाला, "मिस्टरांसाठी बघताय का?" मी म्हटलं, सशांसाठी. तो हसला नाही. म्हणाला, "ही हलकी आहे, मॅडम, तुम्हालासुद्धा झेपेल. गुलाबी दस्त्याचीही येते." मी विचारलं, एवढी हलकी गोळी शंभर मीटरवर वाऱ्याने किती सरकते? तो म्हणाला, "वारा नसेल तर अजिबात नाही." इडा खोऱ्यात तू वारा नसलेला दिवस शेवटचा कधी पाहिलास, फर्गस? हे लोक बंदुका विकतात, आणि आपण त्यांच्याकडून घेतो.

आपल्याला असलं शिकवलं नव्हतं. बारा वर्षांचे होईपर्यंत आपली शाळा म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल. आई पोस्टाने आलेले धडे उघडून वाचन घ्यायची, आणि गणित बाबा घ्यायचे, चहाचा कप बाजूला सारून. पन्नास मीटरवर नेम बांधलेली गोळी शंभरवर किती खाली येईल? तू माझ्याहून दीड वर्षाने मोठा, तरी उत्तरं माझ्या वहीतून उतरवायचास, आणि मी मुद्दाम चुकीचं लिहिलं की तेही उतरवायचास. बाबांना कळायचं. ते फक्त तुझ्याकडे बघून म्हणायचे, "छान, म्हणजे ससा वाचला."

एक गोष्ट मात्र त्यांनी गमतीवारी नेली नाही. चाप ओढायच्या आधी, सशाच्या मागे काय आहे ते मोठ्याने म्हणायचं. मागे मातीचा बांध. मागे दगड, नको. मागे मेंढ्या, नको. तू अकरा वर्षांचा असताना एकदा घाईत म्हणालास, "मागे काही नाही," तर त्यांनी तुझ्या रायफलीचा बोल्ट काढून महिनाभर स्वतःच्या खिशात ठेवला. "काही नाही असं काही नसतं, मागे काहीतरी असतंच, बघ आणि सांग." तू रडलास. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे इतक्या वर्षांनी कबूल करते.

आता तू दर रविवारी त्यांना फोन करतोस. वीस मिनिटं. मी भांडी घासत ऐकते. "बाबा, खोऱ्यात तुमच्यासारखा नेम कुणाचा नाही." "बाबा, तुम्ही अजून पस्तिशीचेच." ते जे म्हणतील त्याला तू हो म्हणतोस. लहानपणापासून तुझं हेच चालत आलंय. कोंबड्यांना दाणे टाकावेत तशी तू माणसांची स्तुती करतोस आणि सगळे तुझ्यामागे येतात. ते फोन ठेवतात तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला असतो. मग चहा होतो, बातम्या होतात, आणि ते मला विचारतात, "आज फर्गसचा फोन नाही आला?" पहिल्यांदा मला वाटलं थट्टा करतायत. आता मी सांगते, आला होता, बाबा, तुम्ही आंघोळीला गेला होतात. हे वाक्य मी सहा रविवार म्हटलं आहे. तुला कळवलं नाही, कारण तू म्हणाला असतास, "अगं, वय झालं, मीसुद्धा विसरतो." तू विसरतोस ते वेगळं. तू ऐकलेलंच नसतं.

फेब्रुवारीच्या मध्याला, एका संध्याकाळी, ऊन अजून पिवळं होतं तेव्हा, आम्ही खालच्या लसूणघासाच्या शेतावर गेलो. बाबा गाडीच्या बॉनेटवर तीच जुनी रायफल टेकवून उभे. दोन ससे पडले. त्यांनी बोल्ट मागे ओढला, गोळी सुटू नये म्हणून, आणि म्हणाले, "एल्सी, जा, घेऊन ये, मी थांबतो." मी नारिंगी जाकीट घालून शेत ओलांडून गेले. पहिला उचलला. दुसरा बांधावर होता, म्हणून बांध चढले. वारा पडला होता, त्यामुळे त्यांचा आवाज स्पष्ट आला. ते नेहमीसारखं, शांतपणे, मोठ्याने म्हणाले, "मागे मातीचा बांध." मला वाटलं मला काही सांगतायत, म्हणून मी वळले. मग ती टाळी वाजली. बांधाखाली तिसरा ससा आला होता, त्याला न लागता गोळी दगडाला लागली आणि माझ्या उजवीकडून, कानापासून किती अंतरावरून मला सांगता येणार नाही, मी मोजलेलं नाही, शिटी वाजवत गेली. मी दोन्ही हात वर केले. एका हातात ससा होता.

मी गाडीपाशी आले तेव्हा ते म्हणाले, "तू तिकडे कधी गेलीस?" रागावले होते माझ्यावर. म्हणाले, "न सांगता पुढे जायचं नाही, किती वेळा शिकवलंय तुला?" मी म्हटलं, चुकलं, बाबा. रात्री त्यांनी तोच ससा दोनदा वाढून घेतला आणि मटारही संपवले. त्यांचे डोळे चांगले आहेत, फर्गस. मला दिसतं तेवढं सगळं त्यांना दिसतं. दोन मिनिटांपूर्वी त्यांनी स्वतः मला पाठवलं होतं, ते मात्र त्यांच्याकडे नव्हतं.

आणि मी काय केलं? बंदुकीचं दुकान गाठलं. मंद बावीसची गोळी दगडावरून उसळते, हे सगळ्यांना माहीत आहे. सतराची हलकी गोळी लागल्या जागी फुटून जाते. म्हणून मी ठरवलं की प्रश्न गोळीचा आहे. त्या दाढीवाल्याकडून सतरा मागून घेतली, नेमबाजीच्या रेंजवर पाच पाच गोळ्यांचे चार गट मारले, वाऱ्यात आणि वाऱ्याशिवाय, कागद घरी आणून पट्टीने मोजले, तक्ता केला. वारा नसताना सगळी भोकं एका नाण्याखाली झाकतात, वाऱ्यात चार बोटं सरकतात. दगडावरही मारून पाहिली, खरंच उसळत नाही. तेव्हा तुझ्या पत्राचं उत्तर असं: तिघींतली दुसरी, सतराची, साध्या लाकडी दस्त्याची, दिव्याशिवायच्या दुर्बिणीची. तुझी ही एक निवड बरोबर आहे. आठवडाभर मी यातच होते, आणि खूप व्यवस्थितपणे होते. तुला आज एवढं टोचून लिहिलं, पण तुझ्या त्या जाड्या मित्राने सहाशे गोळ्यांत जेवढा मूर्खपणा केला नसेल तेवढा मी वीसेक गोळ्यांत आणि एका तक्त्यात केला. शेतात मागे कोण उभं आहे हे आठवणारी रायफल मी शोधत होते.

गेल्या शुक्रवारी परवाना अधिकारी टॅम्बलिन यांचा फोन आला, गुरुवारची दहाची वेळ पक्की करायला. सहज विचारलं, "घरी सगळं ठीक ना?" मी म्हटलं, "हो, अगदी ठीक." इतक्या सहज म्हटलं की फोन ठेवल्यावर मला स्वतःची किळस आली. तेव्हापासून मी बंदुकीच्या कपाटाचं कुलूप दिवसातून चार वेळा ओढून बघते, आणि किल्ली माझ्याच खिशात असते. गुरुवारी ते याच टेबलापाशी बसतील, बाबा त्यांना स्वतः भाजलेले स्कोन, चहाबरोबरचे ते गोड पाव, देतील, एखादा चांगला किस्सा सांगतील, आणि मी पुन्हा "अगदी ठीक" म्हणेन. मी स्वतःला ओळखते. म्हणून हे पत्र. आज सकाळी अकराच्या टपाल गाडीने ते जाईल आणि तुला शुक्रवारी मिळेल. बुधवारी जेवताना मी बाबांना सांगणार आहे की बांधावर काय झालं, आणि गुरुवारी टॅम्बलिनना. तू हे वाचशील तेव्हा सांगून झालेलं असेल, नाहीतर तुझ्या हातात माझ्या सहीचं खोटं असेल, आणि ते मला सोसणार नाही. फोन केला असता तर तू म्हणाला असतास, "सत्तरी होऊन जाऊ दे, थांब थोडी," आणि मी आनंदाने थांबले असते. बाबा चिडतील. माझ्याशी बोलणार नाहीत, कदाचित हिवाळाभर, आणि त्यांना का चिडलोय ते आठवेनासं झालं तरी चिडलेले राहतील. तू रायफल घेऊ नकोस, पण अठ्ठावीसला ये. आणि शुक्रवारी त्यांना फोन कर. सांग त्यांना की एल्स्पेथ पहिल्यापासून अशीच, दुसऱ्याच्या चुका पट्टीने मोजणारी. सांग की खोऱ्यात त्यांच्यासारखा नेम कुणाचा नाही. हे काम तुला माझ्यापेक्षा किती तरी चांगलं जमतं. मला वाचवायला माझ्या बाजूने एक शब्दही बोलू नकोस. त्यांच्या बाजूने कुणीतरी असायला हवं, आणि गुरुवारनंतर ते मला होता येणार नाही.

कितीही बोलले तरी तुझीच,
एल्स्पेथ